अनोळखी संगीताला कान कसा लावावा

नवं काही ऐकून बघायचं म्हणून बहुतेक जण पहिली चाळीस सेकंदं ऐकतात. तेवढ्यात चाल सापडली नाही किंवा गळा ओळखीचा वाटला नाही, की बोट पुढच्या गाण्यावर. 'जॅझ आपल्याला झेपत नाही', 'मेटल म्हणजे नुसती आरडाओरड' ही मतं अशीच बनतात आणि मग वर्षानुवर्षं टिकतात. खरं तर त्या संगीताचं काम जिथे चाललेलं असतं तिथवर कान पोचलेलाच नसतो. कुणाचं सगळं म्हणणं तालात असतं, कुणाचं आवाजाच्या पोतात, तर कुणी एकाच सुराभोवती दहा मिनिटं फिरत असतं. चाल शोधत या तिघांकडे गेलं तर हाती काहीच लागत नाही. कान योग्य जागी न्यायला थोडी पद्धत लागते. तिथे पोचूनही नावडलं, तर ती नावड पक्की समजावी.

आधी स्वतःची आवड तपासा

ज्यांच्याकडे तुम्ही अनेक वर्षं परत परत जाता अशी दहा गाणी किंवा रचना कागदावर लिहा. प्रकाराचं नाव लिहू नका. 'गझल', 'रॉक' या शब्दांतून आवडीबद्दल फारसं कळत नाही. त्याऐवजी प्रत्येकीपुढे नेमकी वेळ लिहा, जिथे मान हलते, अंगावर काटा येतो किंवा मागे जाऊन तेवढाच भाग पुन्हा लावावासा वाटतो. उदाहरणार्थ, '२:४०, ठेका थांबतो आणि नुसता गळा उरतो'. मग त्या क्षणाचं कारण एका शब्दात लिहा: चाल, ताल, पोत, शब्द किंवा रचना. पोत म्हणजे आवाजाचा स्वतःचा स्पर्श, त्याचा खरखरीतपणा, घुमारा, धार. रचना म्हणजे भाग कसे येतात, कशावर काय चढतं, काय परत येतं.

यात एक गोम आहे. साधारण बारा ते बावीस या वयात ऐकलेलं संगीत त्या दिवसांच्या आठवणींना चिकटून बसतं आणि त्याची ओढ पुढे टिकते. यादीत अशी गाणी जास्त असतील तर ती बाजूला काढा आणि नंतरच्या वयात आवडलेली घ्या, नाहीतर तपासणी आठवणींची होते, कानाची होत नाही.

बहुधा दहापैकी सहा-सात नोंदी एक-दोन शब्दांवर येऊन थांबतात. आपण शब्दांसाठी गाणी ऐकतो असं ठामपणे सांगणाऱ्या अनेकांच्या कागदावर 'पोत' निघतो, कारण ते खरं तर एका ठरावीक गळ्यासाठी ऐकत असतात. जो शब्द जास्त वेळा आला तो तुमचा दरवाजा. नव्या संगीतात त्याच दाराने शिरायचं. 'ताल' आला असेल तर सिंफनीपासून सुरुवात करू नका. क्यूबाचं सोन हे नाचाचं संगीत किंवा पश्चिम आफ्रिकेतली ढोलवादनं घ्या. 'पोत' असेल तर कोरियाचं पान्सोरी हे कथागायन, सायबेरियातल्या तुवाचं कंठगायन, स्पेनच्या फ्लामेंकोतलं गाणं. 'चाल' असेल तर अरबी किंवा तुर्की मकाम, म्हणजे तिकडची रागासारखी व्यवस्था. 'रचना' असेल तर फ्यूग (एकच चाल एकामागोमाग अनेक आवाजांत येऊन गुंफली जाते), गामेलान (इंडोनेशियातला घंटा आणि धातूच्या वाद्यांचा संच) किंवा टेक्नो. ज्याला ताल ओढतो त्याच्या हातात कुणी तरी ऑपेरा ठेवतं आणि तो महिनाभर सगळ्या पाश्चात्य संगीतावर रुसून बसतो. हा घोळ टाळता येण्यासारखा आहे.

साधनं

महागडं काही लागत नाही, पण फोनच्या स्पीकरवर निकाल देऊ नका. हाऊस आणि टेक्नो या इलेक्ट्रॉनिक नाचाच्या संगीतातला किक ड्रम, म्हणजे खालचा जाड ठोका, मुख्यतः ५० ते १०० हर्ट्झच्या पट्ट्यात असतो. फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून तो पट्टा जवळजवळ येतच नाही. म्हणजे ज्यावर सगळा डोलारा उभा आहे तेच गायब, आणि उरते वरची टिकटिक. साधे कानात बसणारे इयरफोनही यापेक्षा बरे.

वाद्यवृंदाचं दुखणं नेमकं उलटं असतं. त्यात अतिशय हळू आणि अतिशय मोठा यांत प्रचंड अंतर राखलेलं असतं. प्रवासातल्या गोंगाटात हळू भाग बुडतात, म्हणून आवाज वाढवावा, तर पुढच्या मिनिटाला कान फाटतात. असं संगीत शांत खोलीतच ऐका. दोन रेकॉर्डिंगची तुलना करताना दोन्हींचा आवाज कानाला सारखा वाटेल असा लावून घ्या, कारण जरा मोठं वाजणारं बहुतेकांना 'चांगलं' वाटतं. मर्यादेचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटना ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास सुरक्षित धरते आणि ९० डेसिबलला फक्त ४ तास.

एकच रचना, पाच वेळा

ओळखीमुळे आवड वाढते हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोंक यांनी १९६८ साली प्रयोगांतून दाखवलं. त्यानंतर डॅनियल बर्लाइन यांनी दुसरी बाजू मांडली: आवड वाढत जाते, एका टोकाला पोचते आणि तेच तेच होत राहिलं की उतरते. रचना जितकी गुंतागुंतीची तितकं हे टोक उशिरा येतं. म्हणून साधं गाणं दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला आवडतं, तर गुंतागुंतीचं संगीत पाचव्या-सहाव्या खेपेपर्यंत दाद देत नाही.

पाच खेपा साधारण दोन आठवड्यांत पसरवा. एका दिवसात पाचही उरकल्या तर कान नुसता थकतो.

पहिल्या खेपेला काही वाचायचं नाही, पूर्ण ऐकायचं, मध्ये थांबवायचं नाही. दुसऱ्या खेपेला पायाने किंवा बोटाने ठोका धरायचा. चुकला तरी सोडायचा नाही. तिसऱ्या खेपेला एकच वाद्य पकडायचं, शक्यतो सगळ्यांत खालचं. वरची चाल आपोआप ऐकू येतेच, तळ मात्र मुद्दाम ऐकावा लागतो. मग चौथ्या खेपेआधी वाचायचं: वाद्यं कोणती, भाग किती, शब्दांचा आशय काय. हे वाचन पहिल्याच खेपेआधी केलं तर कान माहिती तपासत बसतो आणि ऐकणं राहून जातं. पाचव्या खेपेला काहीच करायचं नाही.

ताल: सम कुठे आहे?

हिंदुस्थानी संगीत ऐकलेल्या कानाला आवर्तन ही गोष्ट मुळातच ठाऊक असते आणि हे भांडवल मोठं आहे. पण त्याच कानाला एक सवयही असते: सर्वांत वजनदार मात्रा पहिली, तीच सम. जगातलं बरंच संगीत हे मानत नाही. जावाच्या गामेलानमध्ये मोठी घंटा, गाँग अगंग, आवर्तनाच्या शेवटच्या ठोक्यावर पडते आणि सगळी वाद्यं तिच्याकडे सरकत येतात. फ्लामेंकोतल्या सोलेआत बारा मात्रा असतात आणि जोर येतो ३, ६, ८, १० आणि १२ वर. पहिली मात्रा हलकी. १ वर जोर शोधणारा दोन आवर्तनांत हरवतो. उपाय सोपा आहे: मोजणी १२ पासून सुरू करा, '१२-१-२-३', आणि जोराच्या आकड्यांवर टाळी द्या. आधी दोन दीर्घ पावलं, मग तीन छोटी असा घाट हाताला चटकन कळतो.

क्यूबन संगीतासाठी सोन क्लावे, म्हणजे त्याचा पाच ठोक्यांचा पायाभूत ठेका, हाताने बसवल्याशिवाय पुढे जाऊ नये. सोळा सारखी घरं धरा. पायाने १, ५, ९, १३ या घरांवर ठोका द्या आणि हाताने १, ४, ७, ११, १३ वर. हात आणि पाय फक्त १ आणि १३ वर भेटतात, बाकी तीन ठोके अधांतरी. सुरुवातीला हमखास होणारी चूक म्हणजे ४ चा ठोका ओढला जाऊन ५ वर पडतो, कारण पाय हाताला खेचतो. तसं झालं तर पाय थांबवा, नुसत्या हाताने '३-३-४-२-४' अशी अंतरं पक्की करा, मग पाय हळूच आत आणा. दहा मिनिटांचं काम आहे. त्यानंतर तेच गाणं लावलं की पियानो आणि बास या सांगाड्याला कसे धरून आहेत ते ऐकू यायला लागतं.

घाना आणि टोगोमधल्या एवे लोकांच्या ढोलवादनात लोखंडी घंटेचा ठेका बारा घरांत सात ठोक्यांचा असतो: १, ३, ५, ६, ८, १०, १२. नवखा ऐकणारा घंटेलाच लय समजतो आणि तिच्यामागे धावतो. लय असते नाचणाऱ्यांच्या पावलात: १, ४, ७, १०. म्हणून शक्य असेल तिथे व्हिडिओ बघा आणि वादकांच्या हातांऐवजी पायांकडे लक्ष ठेवा.

बल्गेरियाच्या राचेनित्सा या नाचात सात घरं असतात. रूपक येणाऱ्याला वाटतं, हे तर आपलंच. पण रूपक ३-२-२ असा चालतो, हा २-२-३ असा. लांब खंड शेवटी. शिवाय वेग असा, की सातपर्यंत मोजता येतच नाही. मोजूही नका. 'छोटं-छोटं-लांब' एवढंच मनात म्हणा आणि तीनच टाळ्या द्या. तुर्की संगीतातला २-२-२-३ असा नऊ घरांचा ठेकाही याच युक्तीने हाताला येतो.

हाऊससारख्या नाचाच्या संगीतात उलट अडचण: ठोका इतका उघड की 'यात आहे काय?' असं वाटतं. तिथे ठोका सोडून द्या आणि बदल मोजा. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत १६ बार (एक बार म्हणजे चार ठोके) ३२ सेकंदांत संपतात, आणि बहुतेक बदल ८, १६ किंवा ३२ बारांच्या सांध्यावर होतात. घड्याळ लावून बसा: प्रत्येक सांध्याला काय आलं, काय गेलं ते टिपा. टाळी गेली, बास आला, झांजा उघडल्या. असा एक तुकडा टिपून काढला की कंटाळ्याची तक्रार बहुधा संपते.

सूर: बेसूर वाटणं

मकाम रास्तमधला तिसरा सूर कोमल आणि शुद्ध गंधार यांच्या अधेमधे असतो. पहिल्यांदा ऐकताना कान त्याला ओढून दोघांपैकी एकावर बसवू पाहतो. तो बसत नाही, म्हणून बेसूर वाटतो. यावर उतारा म्हणजे तकासीम ऐकणं: ऊद (तंतुवाद्य) किंवा नाय (बासरी) या एकाच वाद्यावरचं, ठेक्याविना वाजवलेलं, काही मिनिटांचं वादन. सगळ्यांत महत्त्वाची सूचना अशी की तीन वेगळ्या मकामांची तीन वादनं लावू नका. एकाच मकामाची, तीन वेगळ्या वादकांची घ्या. खालचा आधारसूर मनात धरा, जमल्यास हलकेच गुणगुणा आणि वादन वर जाऊन परत त्याच्यावर कसं उतरतं तेवढंच ऐका. तिसऱ्या वादनापर्यंत तो मधला गंधार हवासा वाटायला लागतो. रागसंगीतात नव्याने शिरणाऱ्यालाही हेच लागू: एक राग, तीन कलाकार.

बालीच्या गामेलानमध्ये जोडीची दोन वाद्यं मुद्दाम किंचित वेगळ्या सुरांत लावतात. दोन्ही एकदम वाजली की आवाजात जलद थरथर येते आणि तीच त्यांना हवी असते. रेकॉर्डिंग खराब आहे असं समजून ते बंद करणारे कमी नाहीत. शिवाय प्रत्येक गामेलान संचाचं लावणं वेगळं असतं, त्यामुळे एका संचाला सरावलेला कान दुसऱ्या संचाशी पुन्हा जरा अडखळतो. दोन संच आलटून पालटून ऐकू नका. आधी एकच पुरता मुरवा.

कोणते सूर एकत्र गोड लागतात हेसुद्धा जन्मजात ठरलेलं नाही. बोलिव्हियातल्या अ‍ॅमेझॉन खोऱ्यातल्या त्सिमाने लोकांना संवादी आणि विसंवादी स्वरमेळ सारखेच सुखद वाटले, असा अभ्यास 'नेचर'मध्ये २०१६ साली प्रसिद्ध झाला. तेव्हा कान कुरकुरला म्हणून घाईने निकाल देऊ नये.

पोत: घाण की हेतू?

झिम्बाब्वेच्या म्बिराला, म्हणजे अंगठ्यांनी छेडायच्या धातूच्या पट्ट्यांच्या वाद्याला, शिंपले किंवा बाटल्यांची झाकणं बांधतात, ती प्रत्येक ठोक्याबरोबर झणझणतात. पान्सोरी गाणारे आपला गळा वर्षानुवर्षं राबवून मुद्दाम खरखरीत करतात. एक गायक, एक ढोलवादक आणि काही तास चालणारी कथा असा हा प्रकार असल्यामुळे त्या गळ्याला सगळी पात्रं पेलावी लागतात. असल्या आवाजांत 'गोडवा' शोधला तर निराशाच पदरी पडते. त्याऐवजी खरखर कुठे वाढते आणि कुठे ओसरते ते ऐका. भावना तिथे असते.

हेवी मेटलमध्ये गिटारचा आवाज इतका फाडलेला असतो, की पूर्ण स्वरमेळ वाजवला तर नुसता चिखल होतो. म्हणून वादक बहुधा षड्ज-पंचम एवढेच सूर घेतात. गंधारच नसल्याने मेळ हसरा की उदास हे ठरत नाही, आणि त्या प्रकाराचा करडा भाव यातूनही येतो. त्यातल्या गुरगुरणाऱ्या गळ्याला गायक म्हणून ऐकू नका, ताशासारखं वाद्य म्हणून ऐका: कोणत्या ठोक्यावर पडतो, किती लांबतो. दोन-तीन खेपा ड्रमच्या पायांकडे, म्हणजे जोडकिकवर, लक्ष दिलं की भिंत वाटणाऱ्या आवाजात दारं दिसायला लागतात.

शब्द कळत नसतील तर

ओळीगणिक अर्थ लावत बसू नका, ऐकणं मरतं. चौथ्या खेपेआधी आशय चार वाक्यांत वाचून घ्या, पुरे. इजिप्तच्या गायिका उम्म कुलसूम यांच्या प्रत्यक्ष कार्यक्रमांच्या ध्वनिमुद्रणांत तर एकच ओळ श्रोत्यांच्या आग्रहाने पुन्हा पुन्हा येते, दर वेळी जरा वेगळी वळवलेली. तिथे एका ओळीचा अर्थ माहीत असला की वीस मिनिटं ऐकायला पुरते. रॅपमध्ये, भाषा येत असो वा नसो, आधी स्नेअर, म्हणजे ड्रमसेटमधला कडक, तडतडणारा ठोका, पकडा. तो बहुतेक वेळा दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर असतो. यमक त्याच्यावर पडतं, त्याच्या आधी येतं की मुद्दाम मागे राहतं, यावरून रॅपरची ढब ओळखता येते.

लांबी आणि तुकडे

७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत. लाँग प्ले तबकडी १९४८ साली आली, तेव्हा कुठे एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळाली. त्यामुळे त्याआधीची राग, मकाम किंवा जॅझची ध्वनिमुद्रणं म्हणजे आटवून काढलेला अर्क आहेत. ओळख नसताना तो अर्क पचत नाही. सुरुवात लांब ध्वनिमुद्रणापासून करा, जुन्या तबकड्यांकडे नंतर या. मग त्या तीन मिनिटांत किती ठासून भरलंय ते कळून थक्क व्हायला होतं.

जॅझची बहुसंख्य वादनं 'आधी चाल, मग एकेकाचं वादन, शेवटी पुन्हा चाल' अशी असतात. एकट्याचं वादन सुरू झालं की मूळ चाल मनातल्या मनात चालूच ठेवा; खाली बास आणि ड्रम तीच, बहुधा ३२ बारांची, चौकट फिरवत असतात. सरावाला ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांचं १९५९ चं 'सो व्हॉट' उत्तम. पहिले १६ बार एका स्वरसप्तकात, पुढचे ८ बार तेच सगळं अर्ध्या स्वराने वर, शेवटचे ८ पुन्हा मूळ जागी. प्रत्येक फेरीत ते वर सरकणं पकडा. पहिल्या दिवशी निम्म्या वेळा निसटेल, आठवड्याने नाही निसटणार.

शोधायचं कुठे

'वर्ल्ड म्युझिक' या कप्प्यात शोधू नका. हे नाव १९८७ साली लंडनमध्ये काही रेकॉर्ड कंपन्यांनी दुकानातली मांडणी सोपी व्हावी म्हणून ठरवलं. त्यातून संगीताबद्दल काहीच कळत नाही. वाद्याच्या, प्रकाराच्या किंवा स्वररचनेच्या नावाने शोधा: ऊद तकासीम, पेलोग (गामेलानची एक स्वररचना), सोलेआ, सोन. काही आवडलं तर मुख्य कलाकाराला सोडून साथीदाराच्या मागे जा. बास किंवा ड्रम वाजवणारा माणूस आणखी पाच-सहा वेगळ्या ठिकाणी भेटतो आणि प्रत्येक ठिकाणी नवी वाट उघडते.

स्ट्रीमिंगच्या शिफारशी तुमच्या जुन्या सवयींवर चालतात, म्हणून नव्या संगीतासाठी वेगळी यादी ठेवा आणि शफल बंद करा. एक गाणं संपलं की आपोआप दुसरं सुरू होण्याची सोयही बंद ठेवा. संपल्यावरची मिनिटभर शांतता हवी, त्या मिनिटात काय उरलं ते वहीत लिहायचं असतं.

निकाल कधी द्यायचा

पाच खेपांनंतर दोन प्रश्न विचारा. यातला ठेका किंवा एखादा तुकडा मला न लावता आठवतो का? पुढे काय येणार याचा अंदाज बांधता येतो का? दोन्हींना 'नाही' असेल तर अजून ओळखच झालेली नाही. रचना बदला, शक्यतो त्याच प्रकारातली छोटी घ्या. दोन्हींना 'हो' आणि तरीही कंटाळा येत असेल तर ती खरी नावड. वहीत कारणासकट लिहा: 'सगळं कळतंय, पण एकाच पातळीवरचा आवाज दहा मिनिटं सोसत नाही.' अशा चार-पाच नोंदी झाल्या की नावडीतही एक धागा दिसतो आणि पुढची निवड सोपी होते. आणि आवडलं तर? मग लगेच रोज लावू नका, दोन-तीन दिवसांची फट ठेवा. बर्लाइन यांची उतरण आवडत्या गाण्यांनाच आधी गाठते.

दुसऱ्याच्या आवडीचं संगीत समजून घ्यायचं असेल तर तीन-तीन रचनांची अदलाबदल करा. एकूण लांबी अर्ध्या तासाच्या आत, आणि निवडताना स्वतःची सर्वांत लाडकी रचना देऊ नका. तिच्यावर टीका झाली की चर्चा तिथेच भांडणात जाते. वाजत असताना कुणीही बोलायचं नाही, 'आता येतंय बघ' हेसुद्धा नाही. देणाऱ्याने आधी एकच वाक्य सांगायचं: कशाकडे लक्ष द्यायचं. ऐकून झाल्यावर 'कसं वाटलं?' विचारलं तर 'छान' असं उत्तर येतं आणि विषय संपतो. 'कोणत्या मिनिटाला कान टवकारले?' असं विचारा, आणि ती जागा दोघांनी मिळून पुन्हा लावा.